संशोधन सहायक नेमके काय करतो? बालकल्याण आणि गरिबीच्या अभ्यासातील कामाची ओळख

विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत ‘संशोधन सहायक पाहिजे’ अशी जाहिरात निघाली, की एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.ए. झालेली आपल्या समाजातील मुले-मुली ती लगेच ग्रुपवर टाकतात. अर्ज जातात, मुलाखती होतात, काहींची निवडही होते. पण हे काम नेमके काय असते, ते बहुतेकांना रुजू झाल्यावरच कळते. आम्ही काही जण मुलांचे पोषण, शिक्षण आणि कुटुंबाची गरिबी या विषयांवरच्या प्रकल्पांत हे काम करत आलो आहोत. या कामात येऊ पाहणाऱ्या युवक-युवतींना आणि वस्तीत सर्वेक्षणवाले आले की त्यांच्याशी बोलावे लागणाऱ्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

आधी पदाविषयी. प्राध्यापकाला एखाद्या विषयाच्या अभ्यासासाठी अनुदान मिळते. ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर) देते, एखादा सरकारी विभाग देतो किंवा युनिसेफसारखी संस्था देते. प्राध्यापक हे मुख्य संशोधक. त्यांच्या हाताखाली संशोधन सहयोगी, संशोधन सहायक आणि क्षेत्र अन्वेषक अशी उतरंड असते. नेमणूक कंत्राटी असते आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते. आयसीएसएसआरच्या अनुदानावरील प्रकल्पांच्या अलीकडच्या जाहिरातींत संशोधन सहायकाला महिना ३७ हजार आणि क्षेत्र अन्वेषकाला २० हजार रुपये असे मानधन दिसते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण ही सर्वसाधारण अट असते, सहायकाच्या पदासाठी नेट किंवा त्यापुढची पात्रताही मागतात. महाराष्ट्रात मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (स्थापना १९३६), देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६), पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था (१९३०) आणि निरनिराळ्या विद्यापीठांचे समाजकार्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र विभाग अशा जागा काढतात.

कामाची यादी लांब आहे. आधीचे अभ्यास वाचून काढायचे, प्रश्नावली बनवायची, ती मराठीत आणायची, दहा-वीस घरांत तपासून पाहायची, जिल्हा परिषद आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी काढायची, अन्वेषकांना शिकवायचे, गावोगाव हिंडायचे, आलेली माहिती साफ करायची, तक्ते काढायचे, अहवालाचा कच्चा मसुदा लिहायचा. अहवालावर नाव प्राध्यापकांचे येते. पण मूल दोन वर्षांचे की अडीच, कुटुंब बौद्ध की हिंदू, बाई उपाशी झोपली की नाही, याचा निर्णय त्या घराच्या उंबरठ्यावर सहायक किंवा अन्वेषक करतो. पुढे सगळी गणिते त्या खुणेवर चालतात, आणि खूण चुकली असेल तर संगणकाला ते कळत नाही.

प्रश्न मराठीत आणताना

प्रश्नावली बहुधा इंग्रजीत तयार होते आणि भाषांतराचे काम सहायकाकडे येते. ‘कुटुंब’ या साध्या शब्दापासूनच अडचण सुरू होते. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. एकाच घरात दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे. “घरात किती माणसं?” असे विचारले की उत्तर वेगळे येते आणि “एका चुलीवर किती जण जेवता?” असे विचारले की वेगळे.

भुकेचा प्रश्न याहून नाजूक आहे. “गेल्या महिन्यात कधी उपाशी राहावं लागलं का?” असे विचारले तर बहुतेक बाया नाही म्हणतात. पाहुण्यासमोर भूक कबूल करणे कुणालाच आवडत नाही. “भूकच नव्हती”, “चहा घेऊन निजलो” अशी उत्तरे येतात. शिवाय ‘उपाशी’ आणि ‘उपास’ यांत गल्लत होते. कुणाचा सोमवार असतो, आपल्या घरातील एखादी उपासिका पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर जेवत नाही. म्हणून प्रश्नातच कारण घालावे लागते: घरात धान्य किंवा पैसे नव्हते म्हणून जेवण कमी केले किंवा टाळले का? आणि तो प्रश्न घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा विचारावा लागतो, कारण आई आधी स्वतःचे ताट कमी करते, मुलाचे सर्वांत शेवटी. मुलाच्या ताटापर्यंत टंचाई पोहोचली असेल, तर ते घर आधीपासूनच बिकट अवस्थेत असते.

उंची, वजन आणि वय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. देशाचे आकडे अनुक्रमे ३५.५, १९.३ आणि ३२.१ आहेत. आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात वाळलेल्या मुलांचे प्रमाण देशापेक्षा जास्त आहे, हे मोर्चाच्या निवेदनात लिहिण्याजोगे आहे. पण हा आकडा येतो कुठून, ते ठाऊक असले तर कुणी त्यावर शंका घेतली की उत्तर देता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्या मानकांच्या मध्यापासून उणे दोन प्रमाण विचलनाच्या खाली मूल गेले की ते खुजे, वाळलेले किंवा कमी वजनाचे धरतात. दोन वर्षांखालील मुलाला फळीवर आडवे झोपवून मोजतात, त्यावरील मुलाला उभे करून. आडवे मोजले की लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाला कसे मोजले, यावरही निकाल थोडा हलतो. पायातले वाळे, अंगातला स्वेटर, रडून आखडलेले गुडघे हे सगळे मापात येते. माप घ्यायला दोन माणसे लागतात. एकट्या अन्वेषकाने घेतलेल्या मापावर आमचा विश्वास बसत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

दंडाचा घेर मोजणे त्या मानाने सोपे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल तर ते मूल अतितीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम. रंगीत पट्टी अंगणवाडी ताईकडे असते. ती कशी लावतात हे वस्तीतल्या दोन-चार कार्यकर्त्यांनी ताईंकडून शिकून घेतले तर सर्वेक्षणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.

सगळ्यांत अवघड असते वय. खुजेपणाचे गणित वयाच्या महिन्यांवर चालते. वीस महिन्यांचे मूल चोवीस महिन्यांचे लिहिले तर ते आहे त्यापेक्षा खुजे दिसते. उलट वय कमी लिहिले तर कुपोषण झाकले जाते. जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तारीख तिथून घ्यायची. ते नसेल, आणि पालावर किंवा वीटभट्टीवर ते बहुधा नसते, तर स्थानिक घटनांची दिनदर्शिका वापरतात. पोळा, दिवाळी, संक्रांत, गावची जत्रा, मोठा पाऊस, निवडणूक अशा खुणा महिन्यांवर बसवलेल्या असतात. आपल्या वस्तीत “भीमजयंतीच्या आधी झाला की नंतर?” हा प्रश्न सर्वांत खात्रीचा. त्यानंतर “वर्षावास सुरू झाला होता का?” असे विचारत महिना पकडता येतो. ज्याला ही दिनदर्शिका तोंडपाठ आहे त्या अन्वेषकाचे तक्ते साफ येतात. बाहेरून आलेल्याच्या फॉर्मवर बारा, चोवीस, छत्तीस अशा गोल आकड्यांची गर्दी दिसते. माहिती तपासताना आम्ही सर्वांत आधी तीच गर्दी शोधतो.

गरिबी घराची मोजतात, मुलाची नाही

दारिद्र्यरेषेच्या चर्चेला देशपातळीवर आकार देणारा एक अभ्यास पुण्यातला आहे. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोजच्या २,२५० कॅलरींना पुरेल इतका खर्च हा पाया धरून भारतातील गरिबी मोजली. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राची रेषा ग्रामीण भागात दरमहा माणशी ९६७ रुपये आणि शहरात १,१२६ रुपये आली. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पैसा मोजत नाही. तो पोषण, बालमृत्यू, मातृआरोग्य, शाळेची वर्षे, शाळेतली हजेरी, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खाते असे बारा निकष पाहतो. त्यानुसार देशातील बहुआयामी गरीब २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. बँक खाते उघडले की एक वंचना कमी होते. खात्यात काय आहे, हे तो निर्देशांक विचारत नाही.

या सगळ्या पद्धतींत मोजमापाचे एकक कुटुंब आहे. घराचा खर्च माणशी भागला की मुलाच्या वाट्याचाही तेवढाच धरला जातो. मग बापाच्या आजारपणात मुलीची शाळा सुटली, धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहिली, हे त्या भागाकारात कुठेच दिसत नाही. म्हणून बालकल्याणाच्या अभ्यासात मुलाला वेगळे विचारावे लागते.

मुलांच्या कामाचा प्रश्न घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत ठेवली आहे. “मुलगा कामाला जातो का?” या प्रश्नाला आईबाप ‘नाही’ म्हणणार. कायद्याची भीतीही असते, लाजही. त्याऐवजी मुलाशी बोलताना काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, एवढेच क्रमाने विचारायचे. पाणी भरले, म्हशी सोडल्या, बापाबरोबर वाढे बांधले, मग शाळा, तीही मधल्या सुट्टीपर्यंत. ‘काम’ हा शब्द एकदाही न उच्चारता सहा तासांचे काम कागदावर येते.

वेळेचाही विचार हवा. बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लहान मुले सोबत जातात, शाळेतली काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. प्रकल्पाचे पैसे मार्चपूर्वी संपवायचे म्हणून सर्वेक्षण जानेवारीत ठेवले, तर अशा गावात दारांना कुलपे मिळतात. नियमाप्रमाणे तीनदा जाऊन ‘घर बंद’ अशी नोंद करायची असते. घाईतले लोक शेजारचे उघडे घर घेतात. उघडे घर म्हणजे ज्याला गावात राहणे परवडते ते घर. गावातील सर्वांत वंचित मुले अशी नमुन्यातून गळतात आणि अहवालात गावाची परिस्थिती बरी दिसते. प्रश्नावली कितीही चांगली असली तरी तारीख चुकली की अभ्यास वाया जातो, असे आमचे मत आहे.

धर्म आणि जातीचा रकाना

आमच्या वाचकांनी नीट वाचावा असा भाग हा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत धर्माच्या यादीत ‘बौद्ध/नवबौद्ध’ असा स्वतंत्र पर्याय आहे. त्यानंतर जात किंवा जमात आणि तिचा प्रवर्ग हे वेगळे विचारले जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले, त्यामुळे धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. प्रत्यक्षात अन्वेषक जात ऐकून धर्म ‘हिंदू’ लिहून टाकतो, किंवा ‘बौद्ध’ ऐकून प्रवर्ग ‘यापैकी नाही’ असा भरतो. आपली माणसेही जात विचारली की “आम्ही बौद्ध” एवढेच सांगतात. त्यांची भावना आम्हाला समजते, कारण जात सोडण्यासाठीच तर धम्म घेतला. पण पोषणाच्या तक्त्यात ते मूल मग चुकीच्या रांगेत बसते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५.३ लाख बौद्ध मोजले गेले. त्यांपैकी अनुसूचित जाती म्हणून नोंद झाली सुमारे ५२ लाखांची. उरलेल्या १३ लाखांत खरोखर इतर पार्श्वभूमीचे किती आणि रकाना तसाच सुटलेले किती, हे तक्त्यावरून वेगळे करता येत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात सर्वांची जात नोंदली जाणार आहे. हा विषय आतापासून घरोघरी समजावून सांगितला पाहिजे.

रकाना नीट भरला आणि प्रश्न नेमका विचारला तर काय घडू शकते, याचे उदाहरण माध्यान्ह भोजनाचे. दिल्लीच्या भारतीय दलित अध्ययन संस्थेने २००३ मध्ये पाच राज्यांतील ५३१ गावांत शालेय भोजन आणि रेशन दुकानांतील भेदभावाचे सर्वेक्षण केले. प्रा. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. जेवण मिळते का, एवढ्यावर ते थांबले नव्हते. शाळा कोणत्या वस्तीत आहे, स्वयंपाक कोण करते, मुले कुठे बसतात, हे विचारले होते. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. प्रा. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांच्या आरोग्यसेवेचा अभ्यास करताना याहून बारीक प्रश्न घेतले. आरोग्य कर्मचारी मुलाला हात लावतात का, औषध हातात देतात की लांबून टाकतात, घरात येतात की बाहेरूनच बोलतात. ‘तुमच्याशी भेदभाव होतो का?’ असे विचारले असते तर निम्म्या घरांनी नाही म्हटले असते.

ही वाट आपल्याला नवी नाही. २९ मे १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, ते आकडेवारीवर उभे आहे. कोणत्या समाजाची किती मुले कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचली, हे त्यांनी सरकारी नोंदींतूनच दाखवले. समाजवार नोंदी झाल्या नसत्या तर ते दाखवता आले नसते.

संमती, गुप्तता आणि कायदा

मुलांवरच्या संशोधनात पालकांची लेखी संमती लागते. शिवाय मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी मान्यता घ्यायची असते. मूल नाही म्हणाले तर आईचा होकार असूनही थांबायचे.

“तुम्ही सांगाल ते कुणाला कळणार नाही,” असे सरसकट आश्वासन मात्र देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संशोधक त्याला अपवाद नाही. ही मर्यादा संमतीपत्रकात आधीच लिहिलेली असावी आणि असे काही कानावर आले तर आधी कुणाला फोन करायचा, हे प्रशिक्षणातच ठरलेले असावे. १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक आम्ही फॉर्मच्या पॅडवरच लिहून ठेवतो.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, “यातून काही योजना मिळणार का?” खरे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते तसेच द्यावे. पण अतितीव्र कुपोषित मूल दिसले तर अंगणवाडी ताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायचे, एकल पालकाच्या मुलाचे घर असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज कुठे मिळतो ते सांगायचे. यामुळे संशोधनाची तटस्थता बिघडते असे म्हणणारे भेटतात. मुलाखत पूर्ण झाल्यावर मदत सांगितली तर उत्तरे बदलत नाहीत, एवढे साधे उत्तर आम्ही देतो.

आपल्याच वस्तीत सर्वेक्षण करण्याचे फायदे उघड आहेत. जय भीम म्हटले की दार उघडते. पण तोटाही आहे. ओळखीच्या पोरासमोर बाई नवऱ्याची दारू किंवा सावकाराचे कर्ज सांगत नाही, गोष्ट उद्या विहारात पोहोचेल ही धास्ती असते. म्हणून अन्वेषक समाजातलाच असला तरी शक्यतो शेजारच्या तालुक्यातला असावा, असे आम्ही सुचवतो.

रुजू होण्यापूर्वी

कोबो किंवा ओडीकेवर फॉर्म बनवणे, एक्सेल चांगले येणे आणि एसपीएसएस, स्टाटा किंवा आर यांपैकी एक शिकलेले असणे, एवढ्यावर मुलाखत पार पडते. आर फुकट आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते, सराव त्यावर करावा. पुढे पीएच.डी. करायची असेल तर बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

काही गोष्टी नेमणुकीच्या दिवशीच विचारून घ्याव्यात. मानधन महिन्याला मिळणार की अनुदानाचा हप्ता आल्यावर? प्रवासखर्च आगाऊ आहे का? अन्वेषकांना पगार आहे की फॉर्मामागे पैसे? फॉर्मामागे पैसे असतील तर दिवसाला किती फॉर्म करायचे यावर मर्यादा घालून घ्या, नाहीतर रात्री लॉजवर बसून भरलेले फॉर्म तुमच्या तक्त्यात येतील. मुली टीममध्ये असतील तर मुक्कामाची सोय कोण करणार, हेही आधी ठरावे. लेखात सहलेखक म्हणून नाव येणार की नुसते ऋणनिर्देशात, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण मसुदा तुम्ही लिहिणार असाल तर तो विचारलाच पाहिजे.

आणि प्रस्तावाचे अंदाजपत्रक बनत असतानाच एक ओळ घालायला सांगावी: निष्कर्षांचे दोन पानी मराठी टिपण छापणे आणि ज्या गावांत सर्वेक्षण झाले तिथे परत जाऊन ते वाचून दाखवणे. अनुदान मंजूर झाल्यावर हा खर्च कुणी देत नाही. आधी लिहिला तर सहसा कापलाही जात नाही, कारण छपाई आणि एका फेरीचा एसटी खर्च मिळून ती रक्कम फारशी मोठी नसते.